जोड टिकतो, शेजार तुटतो

चिरे उतरवून परतणारा पिकअप गॅरेजच्या दारात तिरका उभा आहे. मागचा पाटा, म्हणजे स्प्रिंगची पट्टी, मोडून गाडी एका अंगाला बसलीय. चार दिवसांपूर्वी याच पाट्याला इथेच वेल्डिंग मारून घेतलं होतं, म्हणून ड्रायव्हरचा पारा चढलेला. "मेस्त, तुमचा जोड चार दिवससुद्धा टिकला नाही!" मेस्त शांतपणे मोडका तुकडा त्याच्या हातात ठेवतो. "जोड कुठे सुटलाय? नीट बघ. जोड आहे तिथेच आहे. मोडलाय तो तुझा पाटा."

पेडणे तालुक्यातल्या पार्से गावापासून पत्रादेवीपर्यंत रस्त्याकडेला गेट, ग्रील आणि पत्र्याच्या शेडची कामं करणारी जी वेल्डिंगची दुकानं आहेत, त्यांतल्या कुठल्याही दुकानात हा संवाद ऐकायला मिळेल. गंमत अशी, की दोघंही खरं बोलत असतात. जोड खरोखरच शाबूत असतो. चीर गेलेली असते ती जोडाला खेटून, दोन-तीन मिलिमीटर अंतरावरून. तुटलेलं तोंड राखाडी, चकचकीत, खडीसाखर फोडल्यासारखं दाणेदार. वाकल्याची, ताणल्याची खूण नाही. म्हणजे पाटा ताणून ताणून तुटलेला नाही, तर काचेसारखा कडकन फुटलाय. आणि वेल्डिंग मारलं नसतं तर तो या जागी फुटलाच नसता.

मग दोष कोणाचा? उत्तर ना रॉडमध्ये सापडतं, ना मेस्तच्या हातात. ते आहे जोडाच्या शेजारच्या त्या दोन-तीन मिलिमीटर पट्ट्यात. डोळ्यांना तिथे काहीच वेगळं दिसत नाही, पण आतलं पोलाद पार बदललेलं असतं.

कोयत्याचं पाणी

हा बदल समजून घ्यायला वेल्डरआधी लोहाराकडे जावं लागतं. मोडलेला पाटा भंगारात जातो असं नाही. आपल्याकडचे लोहार तो हौसेने विकत घेतात, कारण त्याचा कोयता उत्तम होतो. पाट्याच्या पोलादात कार्बन साधारण 0.5 ते 0.6 टक्के असतो. गेटच्या साध्या लोखंडात, म्हणजे माइल्ड स्टीलमध्ये, तो 0.2 टक्क्यांच्या आसपास. फरक आकड्यात किरकोळ वाटतो, पण सगळं रामायण याच फरकात आहे.

लोहार पाट्याचा तुकडा भट्टीत लाल करतो, ऐरणीवर ठोकून आकार देतो, पुन्हा लाल करतो आणि धारेकडची बाजू झटकन पाण्यात बुडवतो. याला तो 'पाणी देणं' म्हणतो. पण तेवढ्यावर तो थांबत नाही. पाणी दिलेला कोयता तसाच वापरला तर नारळाच्या पहिल्या घावाला धारेचा टवका उडेल. म्हणून तो कोयता पुन्हा हलकासा तापवतो. घासून पांढऱ्या केलेल्या धारेवर रंग चढू लागतात: आधी गवताच्या काडीसारखा पिवळसर, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. हवा तो रंग आला की उष्णता तोडतो. पिवळा रंग सुमारे 220 ते 230 अंश सेल्सियसला येतो आणि निळा 300 अंशांच्या आसपास. लोहाराजवळ तापमापक नसतो, पण हा रंगांचा तक्ता त्याच्या डोळ्यांत पक्का असतो.

या तीन पायऱ्यांमध्ये पोलादाच्या आत काय घडतं? लोखंडाचे अणू ठरावीक रचनेत, शिस्तीत बसलेले असतात. थंड लोखंडातल्या रचनेत कार्बनला जवळजवळ जागाच नसते. जेमतेम 0.02 टक्के मावतो. या जवळपास शुद्ध, मऊ लोखंडाला 'फेराइट' म्हणतात. उरलेला कार्बन लोखंडाशी संयोग पावून 'सिमेंटाइट' नावाचं कठीण, ठिसूळ संयुग बनवतो. सावकाश थंड झालेल्या पोलादात फेराइट आणि सिमेंटाइटचे पातळ थर एकाआड एक रचले जातात. सूक्ष्मदर्शकाखाली हे थर शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकतात, म्हणून या रचनेला मोत्यावरून 'पर्लाइट' हे नाव पडलं.

727 अंशांच्या वर मात्र पोलादातले अणू आपली बसण्याची पद्धतच बदलू लागतात. नव्या रचनेत कार्बनला भरपूर जागा असते, दोन टक्क्यांपर्यंत तो विरघळू शकतो. ही तप्त अवस्था म्हणजे 'ऑस्टेनाइट'. आता हे लाल पोलाद हळूहळू थंड केलं, तर कार्बन सावकाश बाहेर पडतो आणि पुन्हा पर्लाइटचे थर लागतात. पण पाण्यात बुडवलं, तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. जुन्या रचनेकडे परतू पाहणाऱ्या अणूंमध्ये तो अडकून पडतो आणि साऱ्या रचनेला ताणून, तिरपी करून ठेवतो. अणूंना हलायला वाव राहत नाही. सुयांसारख्या दिसणाऱ्या या अतिकठीण, ठिसूळ रचनेला जर्मन धातुतज्ज्ञ अडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून 'मार्टेन्साइट' म्हणतात. लोहाराचं 'पाणी' ते हेच. आणि रंग बघत तो जी शेवटची पायरी करतो, तिच्यात अडकलेल्या कार्बनचा थोडा भाग बाहेर पडतो, ताण सैल होतो आणि कोयता चिवट बनतो.

आता गॅरेजात परत येऊ. मेस्तने पाट्यावर आर्क मारला तेव्हा जोडाच्या कडेचं पोलाद लालबुंद झालं, म्हणजे पहिली पायरी झाली. रॉड पुढे सरकताच पाट्याच्या जाड, थंड अंगाने ती उष्णता क्षणात शोषून घेतली. दुसरी पायरीही झाली. थेंबभर पाणी न वापरता मेस्तने पाट्याला पाणी दिलं होतं. तिसरी पायरी कोणीच केली नाही, कारण पहिल्या दोन झाल्याचंच कोणाला ठाऊक नव्हतं.

कापून, घासून, आम्लाने पुसून

हे सगळं डोळ्यांनी पाहता येतं. वेल्डिंगचा जोड करवतीने आडवा कापायचा, कापलेली बाजू क्रमाक्रमाने बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरवर आरशासारखी घासायची आणि अल्कोहोलमध्ये दोन ते पाच टक्के नायट्रिक आम्ल मिसळून केलेल्या द्रावणाचा बोळा तिच्यावरून फिरवायचा. काही सेकंदांत आरसा धूसर होतो आणि त्यावर चित्र उमटतं. पोलादाचं अंतरंग सूक्ष्मदर्शकाखाली असं उलगडून पाहण्याची वाट इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हेन्री सॉर्बी यांनी 1860च्या दशकात दाखवली.

मधोमध दिसतो तो वितळून पुन्हा गोठलेला भाग. त्याचे कण खांबांसारखे लांबट असतात आणि कडेकडून मध्याकडे झुकलेले दिसतात, कारण उष्णता कडेने बाहेर जाते आणि गोठणं कडेपासून सुरू होतं. दोन्ही बाजूंना गडद पट्टा दिसतो. हाच तो शेजार. तंत्रज्ञ त्याला उष्णता-प्रभावित क्षेत्र म्हणतात आणि कारखान्यांत त्याचं नाव 'हाझ'. हा भाग वितळलेला नसतो, फक्त भाजून निघालेला असतो.

शेजारातही वाड्यांसारखे भाग पडतात. जोडाला अगदी लागून जिथे तापमान 1100 अंशांच्या वर गेलेलं असतं, तिथले कण फुगून मोठे होतात. कण जितके मोठे तितकी चीर पसरायला वाट सोपी, आणि भराभर थंड झाल्यावर मार्टेन्साइट तयार व्हायलाही हीच जागा सगळ्यात सोयीची. चीर बहुतेक वेळा इथून निघते. त्याच्या पलीकडे, साधारण 900 ते 1100 अंशांच्या टापूत कण नव्याने जन्मतात, पण मोठं व्हायला त्यांना वेळ मिळत नाही. बारीक कणांचा हा भाग कधीकधी मूळ पोलादापेक्षाही चांगला निघतो. त्यानंतर अर्धवट बदललेला पट्टा येतो आणि शेवटी 727 अंशांच्या आत राहिलेला, फक्त शेकला गेलेला भाग.

कठीणपणा मोजायचं यंत्र या पट्ट्यांवरून फिरवलं की आकडेच बोलतात. साध्या माइल्ड स्टीलचा व्हिकर्स कठीणपणा 120 ते 150च्या घरात असतो. वेल्डिंगच्या शेजारात तो 350च्या वर जाऊ नये असा एक ढोबळ संकेत कारखान्यांत पाळतात, कारण त्यापुढे तडा जायचा धोका वाढतो. पाट्यासारख्या पोलादात तयार झालेलं कच्चं मार्टेन्साइट 700चा आकडाही ओलांडतं.

कोणतं पोलाद वेल्डिंगला सोपं आणि कोणतं कठीण, हे ठरवायला एक सोपं गणित आहे. कार्बनचा टक्का घ्यायचा, त्यात मँगनीजच्या टक्क्याचा सहावा हिस्सा मिळवायचा, क्रोमियम, मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमच्या बेरजेचा पाचवा आणि निकेल-तांब्याच्या बेरजेचा पंधरावा. या बेरजेला 'कार्बन तुल्यांक' म्हणतात. तो 0.40च्या खाली असला तर काळजीचं फारसं कारण नाही. 0.45च्या वर गेला की काम आधी तापवून घ्यावं. गेटच्या लोखंडात ही बेरीज कमीच भरते. म्हणून गेट वर्षानुवर्षं टिकतात आणि आपल्याला वाटत राहतं, की सगळंच लोखंड असं सोसणारं असतं.

जितक्या पद्धती, तितके थंडावे

वेल्डिंगची पद्धत निवडणं म्हणजे खरं तर उष्णता किती द्यायची आणि ती किती वेगाने निघून जाऊ द्यायची, हे ठरवणं. 800 अंशांवरून 500 अंशांवर उतरायला पोलादाला किती सेकंद लागले, यावर शेजाराचं नशीब ठरतं.

जुन्या गॅरेजांतली गॅस वेल्डिंगची ज्योत 3100 अंशांच्या आसपास जाते, पण ती पसरट. जागा तापायला वेळ लागतो आणि थंड व्हायलाही. त्यामुळे शेजार रुंद होतो, कण मोठे होतात, पत्रा वाकतो, मात्र काच होण्याची भीती कमी. विजेच्या आर्कची गोष्ट उलटी. तापमान पाच-सहा हजार अंश, पण एकाच टोकदार जागी. काम झटपट होतं आणि थंडही झटपट.

आपल्याकडे सर्रास वापरतात तो रॉड 'साठ-तेरा'. पहिले दोन आकडे जोडाची ताकद सांगतात: चौरस इंचाला किमान साठ हजार पौंड ताण. 'सत्तर-अठरा' म्हणजे सत्तर हजार. रॉडवरचं लेपण नुसतं दिखाऊ नसतं. ते जळून धूर करतं आणि त्या धुराच्या आडोशामुळे हवेतला ऑक्सिजन-नायट्रोजन वितळलेल्या धातूत शिरत नाही. वर जो स्लॅग साठतो, ती जोडावर घातलेली गोधडी समजा. ती असेपर्यंत थंडावा सावकाश उतरतो. घाईघाईने, जोड लाल असतानाच हातोडीने स्लॅग उडवणारा वेल्डर भर थंडीत कोणाच्या तरी अंगावरची गोधडी ओढत असतो.

कार्बन डायऑक्साइडच्या आडोशाने तार सोडत जाणारं 'सीओटू' वेल्डिंग वेगवान असतं. पातळ नळ्यांना आणि स्टेनलेसला टिग बरं, कारण त्यात उष्णतेवर ताबा राहतो. जहाजाच्या जाड प्लेटा जोडताना आर्क भुकटीच्या ढिगाखाली झाकून ठेवणारी पद्धत वापरतात. तिच्यात उष्णता इतकी भरपूर, की पोलाद कडक होत नाही, पण कण जाडेभरडे राहतात आणि चिवटपणा घटतो. लेसर दुसऱ्या टोकाला. त्याचा शेजार केसाएवढा, पण इतक्या वेगाने गोठलेला, की कार्बन जास्त असेल तर तिथे मार्टेन्साइट ठरलेलंच.

उष्णतेचा हिशोब वेल्डर स्वतः करू शकतो. व्होल्ट गुणिले अँपिअर, भागिले रॉड पुढे सरकण्याचा वेग. 24 व्होल्ट, 120 अँपिअर आणि मिनिटाला 150 मिलिमीटर वेग धरला, तर दर मिलिमीटरला सुमारे 1150 ज्यूल उष्णता निघते. रॉड दुप्पट वेगाने ओढला की ती निम्मी, आणि थंड होण्याचा वेग कितीतरी वाढलेला. 'थोडंसंच टाचून घेतो' हे काम सगळ्यात निरुपद्रवी वाटतं. जाड लोखंडावर मारलेला छोटासा टाका मात्र सगळ्यात लवकर थंड होतो, म्हणून सगळ्यात ठिसूळ तोच. बांधकामाची टीएमटी सळी घ्या. कारखान्यात ती लालबुंद असताना पाण्याच्या फवाऱ्याने तिची साल कडक करतात आणि आतल्या उष्णतेने ती साल पुन्हा चिवट होते, लोहाराच्या तिन्ही पायऱ्या एका दमात. अशा सळीवर रिंगा वेल्डिंगने टाचल्या तर त्या जागी सगळी मेहनत पुसली जाते. कोपऱ्यावर बाइंडिंग वायरचा पीळ घालणारा गवंडी मागासलेला नाही. तो बरोबर आहे.

सादळलेले रॉड

आता आपल्याकडचा पाऊस. जूनपासून चार महिने पेडण्यात हवा इतकी ओली असते, की मीठ पाझरतं, पापड सादळतात आणि रॉडही सादळतात. पाकीट फोडून ठेवलेल्या रॉडचं लेपण हवेतली ओल पितं. आर्क लागला की त्या पाण्याचे तुकडे पडतात आणि हायड्रोजन वितळलेल्या पोलादात विरघळतो.

हायड्रोजनचा अणू अगदी लहान. गोठलेल्या पोलादातूनही तो वाट काढत फिरतो आणि नेमका शेजारातल्या कठीण, ताणलेल्या जागी जाऊन बसतो. तिथे साठत राहतो. काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, कोणी हात न लावता तडा जातो. म्हणून महत्त्वाच्या कामात जोडाची तपासणी लगेच करत नाहीत, 48 तास थांबून करतात. संध्याकाळी तपासून 'ओके' दिलेला जोड सकाळी तडकलेला सापडू शकतो.

तडा जायला तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: हायड्रोजन, कठीण रचना आणि ताण. तिघांपैकी एकाला दाराबाहेर ठेवलं तरी भागतं. सत्तर-अठरासारखे कमी हायड्रोजनचे रॉड त्यासाठीच असतात, पण ते कोरडे असतील तरच. कारखान्यात ते 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजतात आणि मग कामाला लागेपर्यंत गरम ओव्हनमध्ये ठेवतात. गॅरेजात महागडा सत्तर-अठरा आणून चतुर्थीच्या पावसात उघडा टाकला, तर त्याचे जादा पैसे कशासाठी दिले, हा प्रश्नच उरतो.

पेडण्याचा रूळ

जे ज्ञान गॅरेजात नशिबावर सोडलेलं असतं, तेच तालुक्यातून जाणाऱ्या रेल्वेमार्गावर काटेकोर शिस्तीने पाळलं जातं. कोकण रेल्वे उभी राहत असताना पेडण्याचा बोगदा सगळ्यांत हट्टी निघाला. मऊ माती ढासळत राहिली आणि इतर मार्ग तयार असूनही हा दुवा रखडला. 26 जानेवारी 1998 रोजी पूर्ण मार्ग सुरू झाला. आज त्या मार्गावरून गाडी जाताना पूर्वीचा खडखडाट ऐकू येत नाही, कारण रुळांच्या जोडांना आता फटी नाहीत. रूळ एकमेकांना वेल्ड केलेले आहेत.

रुळाचं पोलाद आपल्या पाट्याचं चुलत भावंड. भारतातल्या नेहमीच्या रुळात कार्बन 0.60 ते 0.80 टक्के असतो. त्याच्या आत जवळजवळ सगळं पर्लाइट भरलेलं, चाकांची झीज सोसणारं. गॅरेजातल्या पद्धतीने याला वेल्डिंग मारलं तर पाट्याचीच गत व्हायची. म्हणून रेल्वे दोन वेगळ्या वाटा वापरते.

पहिली 'फ्लॅश बट'. दोन रुळांची टोकं समोरासमोर आणून त्यांतून प्रचंड वीज सोडतात. टोकं ठिणग्या उडवत वितळू लागली की त्यांना जोराने एकमेकांवर दाबतात. वितळलेला, घाण झालेला धातू बाहेर फेकला जातो आणि आत राहतो तो ऐरणीवर ठोकल्यासारखा घट्ट जोड.

दुसरी वाट अ‍ॅल्युमिनोथर्मिक, रेल्वेवाल्यांच्या तोंडी 'एटी वेल्ड'. जर्मनीच्या हान्स गोल्डश्मिट यांनी 1890च्या दशकात शोधलेली ही पद्धत. रुळांच्या टोकांमध्ये सुमारे 25 मिलिमीटरची फट ठेवतात, भोवती वाळूचा साचा बसवतात. मग ज्योतीने रुळाची टोकं 600 अंशांच्या आसपास तापवतात. ही पायरी कोणी गाळत नाही. साच्याच्या वरच्या भांड्यात लोखंडाचा ऑक्साइड आणि अ‍ॅल्युमिनियमची भुकटी पेटवली की अ‍ॅल्युमिनियम ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि 2000 अंशांहून जास्त तापलेलं पोलाद खाली फटीत उतरतं. विजेची गरज नाही, म्हणून रानातल्या मार्गावरही हे काम होतं. रूळ आधीच तापलेला आणि भोवती साच्याची ऊब, त्यामुळे 800 ते 500 अंशांचा प्रवास सावकाश होतो आणि मार्टेन्साइटऐवजी पुन्हा पर्लाइट तयार होतं.

तरीही हा जोड ओतीव असल्यामुळे त्याचे कण जाडसर राहतात. शेजारी एक मऊ पट्टाही राहतो, तिथे रूळ थोडा लवकर झिजतो. म्हणून एटी वेल्ड शक्य तितके कमी ठेवायचे, आणि जे आहेत त्यांची ध्वनिलहरींच्या यंत्राने पुन्हा पुन्हा तपासणी करायची, असा रेल्वेचा शिरस्ता आहे. उन्हापावसात ढकलगाडी घेऊन रुळावरून चालणारी माणसं दिसतात, ती या शेजारात चीर उगवलीय का हे बघत असतात.

डिचोलीत नियम उलटा

पार्सेहून डिचोलीकडे वळलं की पोलादाचा आणखी एक चेहरा भेटतो. शिरगाव, मये, पिळगाव या भागाने खनिजाची धूळ वर्षानुवर्षं खाल्ली. पिळगावच्या सारमानस धक्क्यावरून बार्जेस भरून मांडवीमार्गे मुरगावकडे गेल्या. जिथे दगड फोडायचा असतो, तिथे क्रशरचे जबडे झिजतात आणि ते वेल्डिंगने भरून काढावे लागतात. हे जबडे बहुधा मँगनीज पोलादाचे असतात. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी 1882मध्ये शोधलेलं हे पोलाद: सुमारे 12 टक्के मँगनीज आणि एक टक्क्याहून जास्त कार्बन.

या पोलादाला पाणी दिलं की ते मऊ आणि चिवट होतं! मँगनीजमुळे तप्त अवस्थेतलं ऑस्टेनाइट थंड झाल्यावरही तसंच राहतं. मग दगडाचे जितके घाव बसतील तितकी त्याची वरची साल कडक होत जाते. हेच पोलाद वेल्डिंग करताना सावकाश थंड होऊ दिलं, तर कणांच्या सीमेवर कार्बाइडची ठिसूळ जाळी धरते आणि जबडा फुटतो. म्हणून रुळाच्या अगदी उलट, इथे आधी तापवायचं नाही. छोटे छोटे टाके मारायचे, मध्ये थांबायचं, जोडाजवळचा भाग 260 अंशांच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. काही ठिकाणी तर जबडा पाण्यात अर्धा बुडवून वेल्डिंग करतात. ओळखायची खूण सोपी: चुंबक लावून बघा. चिकटला नाही, तर समजा हे पोलाद वेगळ्या जातीचं आहे.

मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावरच्या घरांतलं चकचकीत स्टेनलेस रेलिंग तिसरीच तऱ्हा दाखवतं. गंज चढतो तो नेमका जोडाच्या कडेने. 450 ते 850 अंशांच्या टापूत फार वेळ राहिलं तर कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि गंज रोखणारं क्रोमियम तेवढ्या पट्ट्यात अपुरं पडतं. वेल्डिंगने आलेला निळा-तपकिरी डाग तसाच सोडला तर त्याखालीही तीच कमतरता. खाऱ्या वाऱ्याला तेवढी फट पुरते. उपाय म्हणजे 0.03 टक्क्यांपर्यंतच कार्बन असलेलं '304 एल' घेणं आणि जोडाचा डाग आम्लाच्या लेपाने साफ करून देणं.

गॅरेजातला वाद, जगभर

गॅरेजातलं भांडण एकदा जगाच्या पातळीवरही झालं आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने रिबिटांऐवजी वेल्डिंग वापरून जहाजं धडाक्याने बांधली. 16 जानेवारी 1943 रोजी ओरेगॉनमधल्या पोर्टलंडच्या धक्क्याला शांत पाण्यात उभं असलेलं 'स्केनेक्टडी' हे नवंकोरं तेलवाहू जहाज थंडीच्या रात्री मधोमध चिरलं. बोट साहजिकच वेल्डिंगकडे दाखवलं गेलं. निकृष्ट जोड होतेच, पण केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिलं, की त्या काळचं जहाजांचं पोलादच थंडीत ठिसूळ होत होतं. रिबिटांच्या जहाजात चीर प्लेटच्या कडेला येऊन थांबायची. वेल्डिंगने सगळं जहाज एकसंध झालं आणि चिरेला थांबायला कडाच उरल्या नाहीत. त्यानंतर जहाजांच्या पोलादाची चिवटपणाची चाचणी नियमाचा भाग झाली.

म्हणून पुढच्या वेळी काहीही जोडायला न्याल तेव्हा 'मजबूत मारा' एवढंच सांगून थांबू नका. ही वस्तू कशाची आहे ते मेस्तला सांगा. पाटा असेल तर तो जोडूच नका, नवा घाला. जाड किंवा कडक पोलाद असेल तर आधी तापवून घ्यायला आणि नंतर राखेत किंवा कोरड्या वाळूत सावकाश निवू द्यायला सांगा. पावसाळ्यात रॉड कोरडे आहेत का, हे विचारायला लाजू नका. अर्धा तास जास्त लागेल, चार पैसे जास्त पडतील. आणि मोडका पाटा भंगारात टाकू नका. गावच्या लोहाराला द्या, त्याला पाणी कसं द्यायचं आणि कुठे थांबायचं, दोन्ही ठाऊक आहे.